लिपी नाही म्हणून बोली : एका निकषाची तपासणी

१

'ज्या भाषेला स्वतःची लिपी नाही ती भाषा नव्हे, बोली होय.' हे विधान मराठी साहित्यव्यवहारात इतक्या सहजतेने केले जाते की त्याला कोणी पुरावा मागत नाही. परिसंवादाच्या व्यासपीठावर ते ऐकू येते, अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांच्या बैठकीत ऐकू येते आणि ग्रामीण, आदिवासी साहित्याविषयी सहानुभूतीने लिहिणाऱ्या समीक्षकांच्या लेखनातही ते गृहीतक म्हणून वावरत असते. ते नुसते चुकीचे असते तर दुर्लक्ष करता आले असते. परंतु या विधानाच्या बळावर निर्णय होतात. कोणत्या भाषेत पहिलीचे पुस्तक निघावे, कोणत्या लेखनाला 'साहित्य' म्हणावे आणि कोणत्याला 'लोकसाहित्य' म्हणून वेगळ्या खणात ठेवावे, शाळकरी मुलाचा कोणता शब्द 'अशुद्ध' म्हणून लाल शाईने खोडावा, हे सारे या एका निकषावर ठरत जाते.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील पिंपळनेर हे या निकषाच्या तपासणीसाठी योग्य स्थळ आहे. पांझरेच्या काठावरील हे गाव तालुक्याच्या पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्याची बाजारपेठ आहे. तिथे अहिराणी, कोकणी (म्हणजे कोकणा समाजाची, गोव्याची नव्हे), मावची आणि भिली या भाषा कानावर पडतात. दुकानांच्या पाट्या, तलाठ्याचे दप्तर, शाळेचा फळा आणि लग्नाची पत्रिका मात्र मराठीत असते. कानाला चार-पाच भाषा आणि डोळ्याला एक, अशी ही विभागणी आहे. ही विभागणी निसर्गाने केलेली आहे असे मानण्याची सवय मराठी विचारविश्वाला लागली आहे. वस्तुतः ती इतिहासाने केलेली आहे आणि तिचे टप्पे दाखवता येतात.

उपरोक्त विधानाच्या पोटात तीन गृहीतके आहेत. पहिले, प्रत्येक खऱ्या भाषेला तिची स्वतःची लिपी असते. दुसरे, देवनागरी ही परिपूर्ण उच्चारानुसारी लिपी असल्याने तिच्यात कोणतीही बोली काहीही न सांडता उतरवता येते. जे उतरत नाही ते उच्चारातले वैगुण्य होय. तिसरे, छापील अक्षर हे तटस्थ वाहन आहे; खिळ्याला, फाँटला भाषेविषयी काही मत नसते. ही तिन्ही गृहीतके टिकत नाहीत.

२

'स्वतःची लिपी' या कल्पनेला लेखनाच्या इतिहासात जवळजवळ आधार नाही. लेखनाचा शोध स्वतंत्रपणे लागल्याची निर्विवाद उदाहरणे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. इसवीसनापूर्वी सुमारे ३२०० च्या आसपास दक्षिण इराकमधील उरुक येथे मातीच्या पाट्यांवर खुणा उमटू लागल्या. चीनमध्ये इसवीसनापूर्वी सुमारे १२०० पासून हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर कोरलेली अक्षरे सापडतात. मध्य अमेरिकेतील लेखन या दोहोंपासून स्वतंत्रपणे जन्मले. इजिप्तविषयी वाद आहे. बाकीच्या जगाने अक्षरे उसनी घेतली. रोमन अक्षरे एट्रुस्कनांमार्फत ग्रीकांकडून आली, ग्रीकांनी ती फिनिशियनांकडून घेतली. फारसीने अरबी लिपी घेतली आणि तिच्यात चार अक्षरांची भर घातली. तुर्की भाषेने १९२८ साली अरबी लिपी सोडून रोमन स्वीकारली, म्हणून ती तुर्की उरली नाही असे कोणी म्हटले नाही. इंग्रजीला स्वतःची लिपी नाही. लिपी हाच निकष असेल तर इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन या लॅटिनच्या बोली ठरतील.

मराठीची स्थिती याहून निराळी नाही. देवनागरी मराठीची 'स्वतःची' नाही; ती संस्कृत, हिंदी, नेपाळी यांच्याशी सामाईक आहे. शिवाय मराठी केवळ देवनागरीतच लिहिली गेली असेही नाही. खानदेशातच पाहायचे तर चाळीसगावजवळील पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाच्या दानाची नोंद त्यात आहे. त्याचा मोठा भाग संस्कृतात आहे. शेवटी, जिथे प्रत्यक्ष काय द्यायचे ते सांगायचे आहे तिथे, मराठी येते. म्हणजे नागरी अक्षरात मराठी संस्कृतच्या शेजारी पाहुणी म्हणून बसली, प्रशस्तीसाठी नव्हे तर व्यवहारासाठी. पुढे दरबारी आणि सावकारी व्यवहार मोडीत गेला. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत बंदिस्त केले आणि मराठी गद्याचा एक आद्य ठेवा कित्येक शतके पंथाबाहेरच्या वाचकाला अगम्य राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी ते कुलूप उघडणाऱ्यांत वि. का. राजवाडे होते, ज्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून धुळ्यात उभे आहे. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापले गेले ते रोमन अक्षरांत. नागरी, मोडी, सकळ, रोमन, इतक्या लिप्यांमधून ये-जा करूनही मराठी मराठीच राहिली. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळेतून गेली तेव्हा मराठीचा एक अवयव गळून पडला असे कोणी म्हटले नाही.

याहून उघड विसंगती अभिजात दर्जाच्या चर्चेत दिसली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यासाठी वर्षानुवर्षे जे पुरावे मांडले गेले त्यांत नाणेघाटातील सातवाहनकालीन लेख अग्रभागी होता. तो लेख प्राकृतात आहे आणि ब्राह्मी लिपीत आहे. आज मराठी वाचता येणाऱ्या माणसाला त्यातले एक अक्षरही लागत नाही. तरीही भाषेचे सातत्य सिद्ध करताना लिपी बदलल्याची अडचण कोणालाही वाटली नाही, आणि ते योग्यच होते, कारण भाषा लिपीहून वेगळी असते. मग हाच न्याय मावचीला का लागू होत नाही? स्वतःच्या प्राचीनत्वाचा दावा करताना लिपी गौण आणि शेजाऱ्याचा दर्जा ठरवताना लिपी निर्णायक, या दुटप्पीपणाला कोणत्याही शास्त्राचा आधार नाही.

हा युक्तिवाद पूर्वी एकदा वापरला गेला आणि पडला, याचीही आठवण ठेवली पाहिजे. गोव्याची कोकणी पाच लिप्यांत लिहिली जाते: देवनागरी, रोमन, कन्नड, मल्याळम आणि फारसी-अरबी वळणाची. 'स्वतःची लिपी नाही, म्हणून मराठीची बोली' असे तिच्याविषयी दीर्घकाळ म्हटले गेले. साहित्य अकादमीने १९७५ साली तिला मान्यता दिली, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ साली संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आली. अनुसूचीच्या कोणत्याही कलमात स्वतंत्र लिपीची अट नाही. २००३ साली तिच्यात आलेल्या चार भाषांपैकी संथाळीला १९२५ साली रघुनाथ मुर्मूंनी निर्मिलेली ओल चिकी लिपी आहे. बोडो, डोगरी आणि मैथिली प्रामुख्याने देवनागरीतच लिहिल्या जातात. लिपी कोणाची, हा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही.

अहिराणीविषयी तर भाषाशास्त्राची नोंद शतकाहून जुनी आहे. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणात 'खानदेशी' मराठीच्या खंडात नाही. ती १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिली भाषांच्या सोबत आहे. हे वर्गीकरण अंतिम मानण्याचे कारण नाही. मराठी आणि गुजराती यांच्या दरम्यान तिचे स्थान नेमके कुठे, यावर वाद होऊ शकतो. परंतु तो वाद रूपांचा आणि ध्वनींचा आहे, लिपीचा नाही. २०११ च्या जनगणनेत खानदेशी बोलणारे सुमारे १८ लाख ६० हजार आणि भिली समूहातील भाषा बोलणारे १ कोटी ४ लाखांहून अधिक नोंदले गेले. इतक्या लोकांच्या तोंडी असलेल्या भाषांना 'लिपी नाही' या दोन शब्दांत निकालात काढणे हा विचार नव्हे, विचार टाळण्याचा मार्ग आहे.

३

लिपीला इतकी प्रतिष्ठा का? याचे उत्तर लेखनाच्या उगमातच आहे. उरुकच्या पाट्यांवर काव्य नाही, प्रार्थना नाही. तिथे धान्याची मापे आहेत, मेंढ्यांची संख्या आहे, वाटप आहे. डेनिस श्मांट-बेसेरा यांनी मांडल्याप्रमाणे या खुणांच्याही आधी मातीच्या लहान गोट्या होत्या, त्या मोजणीच्या होत्या. लेखन बोलणे टिपण्यासाठी जन्मले नाही. येणे-देणे लक्षात ठेवण्यासाठी जन्मले. बोलणे टिपण्याची शक्ती त्यात फार नंतर आली. सोस्यूरने लेखनाला भाषेच्या बाहेर ठेवले आणि त्याला बोलण्याची केवळ प्रतिमा मानले. देरिदाने १९६७ साली या श्रेणीरचनेवरच बोट ठेवले. मराठी समीक्षेने हा वाद आयात केला, पण त्याचा उपयोग केला तो फक्त संहितेच्या अर्थाची अनिश्चितता सिद्ध करण्यासाठी. बोलणे श्रेष्ठ की लेखन, हा प्रश्न पॅरिसमध्ये तत्त्वज्ञानाचा असेल. पांझरेच्या खोऱ्यात तो मालकीचा आहे.

पिंपळनेरच्या नावाने पुराभिलेखविद्येत ओळखला जाणारा एक ताम्रपट या दृष्टीने बोलका आहे. तो चालुक्य राजाच्या नावाने आहे आणि स्वतःला शके ३१० चा, म्हणजे इसवी सन ३८८-८९ चा म्हणवतो. पण बदामीच्या चालुक्यांचा सर्वांत जुना निश्चित कालोल्लेख पहिल्या पुलकेशीच्या शके ४६५ च्या लेखात आहे. दीडशे वर्षे आधी त्या घराण्याचा राजा दान देणे संभवत नाही. फ्लीटने बनावट भारतीय लेखांत त्याची गणना केली. बनावट ताम्रपट ओळखण्याची विद्या मुख्यत्वे अक्षरांच्या वळणावर उभी आहे. प्रत्येक अक्षराला वय असते. रेघेची जाडी, टोकाचा कोन, मात्रेचे वळण यांतून काळ बोलतो. खोटे लिहिणारा राजाचे नाव बदलू शकतो, शकवर्ष बदलू शकतो. पण आपल्या हाताचे वळण पूर्णपणे लपवणे त्याला क्वचितच साधते. लिपी पारदर्शक असती तर पुराभिलेखविद्या अस्तित्वातच आली नसती.

बनावट ताम्रपटाचा दुसरा धडा अधिक महत्त्वाचा. कोणी खोटा लेख का घडवतो? लेखाला जमीन मिळवून देण्याची ताकद असते म्हणून. ज्याच्याकडे पट आहे त्याचा हक्क, ज्याच्याकडे केवळ आठवण आहे त्याचा नाही. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला तेव्हा, १२ मे रोजी सुपे येथे आणि नंतर अनेक गावांत, त्यांचा रोख प्रामुख्याने माणसांवर नव्हता, कर्जरोख्यांवर होता. कागद हिसकावून जाळण्यात आले. निरक्षर कुणब्याला लेखनाचे जे मर्म कळले होते ते अनेक साक्षर समीक्षकांना आजही कळलेले नाही. लेवी-स्ट्रॉसने ब्राझीलमधील अनुभवावरून १९५५ साली लेखनाचा मूळ उपयोग माणसाला अंकित करण्यासाठी झाला असा निष्कर्ष काढला. तो सरसकट मान्य करण्याचे कारण नाही. लेखनाने मुक्तीही दिली आहे. परंतु ज्या समाजाची लेखनाशी पहिली भेट अंगठा उठवण्यापुरती झाली त्या समाजाला 'तुमची लिपी कोठे आहे?' असे विचारणे म्हणजे ज्याला दान कधी दिलेच नाही त्याच्याकडे ताम्रपट मागणे होय. आणि ताम्रपट खोटेही असतात, हे पिंपळनेरच्या नावाशीच जोडलेले आहे.

४

दुसरे गृहीतक देवनागरीच्या परिपूर्णतेचे. 'जसे बोलतो तसे लिहितो' हे वाक्य शाळेत पाठ होते आणि आयुष्यभर तपासले जात नाही. ते मराठीबाबतही खरे नाही. 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च यांचे उच्चार भिन्न आहेत, अक्षर एक आहे. ज आणि झ यांचेही तसेच. 'करवत' लिहिताना चारही अक्षरे अकारान्त आहेत, उच्चारताना सारे अकार येत नाहीत. 'अंक', 'अंत', 'संवाद', 'सिंह' या शब्दांतील एकाच बिंदूचे उच्चार वेगवेगळे होतात. उलटपक्षी श आणि ष यांचा भेद बहुसंख्य मराठी भाषकांच्या उच्चारातून गेला तरी लेखनात टिकून आहे. शब्दाच्या अंती इकार-उकार दीर्घ लिहायचे हे कान ठरवत नाही, नियम ठरवतो. यात देवनागरीचा दोष नाही. कोणतीही लिपी उच्चाराची ध्वनिमुद्रिका नसते. ती वाचकांच्या समूहाने केलेला करार असते. मराठी वाचकाला 'चारा' अचूक वाचता येतो, कारण त्याला मराठी येते.

हे मान्य केले की अहिराणीच्या लेखनाचा प्रश्न निराळा दिसू लागतो. अहिराणीच्या मोठ्या पट्ट्यात मराठी ळ च्या जागी य येतो, ण च्या जागी न. डोळा हा डोया होतो, पाणी हे पानी. अनेक भिली भाषांत स च्या जागी ह येतो. हे उच्चारदोष नाहीत, नियमित ध्वनिव्यवस्था आहेत. त्यांना अपवाद आहेत आणि त्या अपवादांनाही नियम आहेत. साक्रीकडच्या मुलाने 'डोया' लिहिले तर त्याने देवनागरीचे ब्रीदवाक्य तंतोतंत पाळलेले असते. त्याला शिक्षा होते ती लिपीचा नियम मोडल्याबद्दल नव्हे, लिपीचा नियम पाळल्याबद्दल. 'जसे बोलतो तसे लिही' असे सांगायचे आणि तसे लिहिल्यावर खोडायचे, कारण 'जसे बोलतो' मधला कर्ता तो नसतो. तो कर्ता आधीच ठरलेला असतो.

मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी पात्राच्या तोंडी बोलीचा उच्चार लिहिण्याची मुभा दिली. ग्रामीण कादंबरीला तिचा उपयोग झाला हे नाकारता येणार नाही. पण या मुभेतून एक अलिखित सीमारेषाही आखली गेली. अवतरणचिन्हाच्या आत बोली, बाहेर प्रमाणभाषा. आत बोलणारा, बाहेर जाणणारा. १९८० नंतर देशीवादाने प्रमाणभाषेच्या मक्तेदारीला प्रश्न विचारला, आणि त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. परंतु देशीवादाची बाजू घेऊन लिहिल्या गेलेल्या बहुतांश समीक्षेनेही हे अवतरणचिन्ह ओलांडले नाही. अहिराणीविषयी मराठीत लिहिले गेले. अहिराणीत समीक्षा लिहिता येईल का, हा प्रश्न अजूनही विनोदासारखा ऐकला जातो. दीडदोनशे वर्षांपूर्वी मराठीत शास्त्र लिहिता येईल का, हा प्रश्न तसाच ऐकला जात होता.

५

तिसरे गृहीतक खिळ्याच्या तटस्थतेचे. भाषेला छापील रूप मिळते ते ओतशाळेतून, आणि ओतशाळेला हिशोब असतो. स्टीफन्सने १६०८ साली रोमला लिहिलेल्या पत्रात इथल्या लिपीचे खिळे पाडण्याची मागणी केली आणि त्यातील अडचणही सांगितली: युरोपीय वर्णमालेतील दोन डझन अक्षरांऐवजी इथे सहाशेच्या आसपास साचे लागतील. खिळे झाले नाहीत आणि ख्रिस्तपुराण रोमनमध्ये छापावे लागले. १६७० च्या दशकात सुरतेचा व्यापारी भीमजी पारेख याने इथल्या धर्मग्रंथांच्या छपाईसाठी कंपनीकडून मुद्रक मागवला. मुद्रक आला, पण त्याला खिळे ओतता येत नव्हते. तापीच्या मुखाशी झालेला हा प्रयत्न यशस्वी झाला असता तर तापीच्या खोऱ्यातील भाषांचा छापील इतिहास कदाचित वेगळा असता. प्रत्यक्षात १८०५ साली श्रीरामपूरला कॅरीचे मराठी व्याकरण निघाले ते देवनागरी खिळ्यांत. व्यवहारातील लिपी मोडी असतानाही. मोडीचे खिळे नंतर पाडले गेले, पण बाजी देवनागरीने जिंकली. लिपीच्या गुणवत्तेवर झालेला हा निवाडा नव्हता. संस्कृत ग्रंथ, हिंदी ग्रंथ आणि मराठी ग्रंथ एकाच खिळ्यांत निघाले तर भांडवल वाचते, हेही त्यामागचे एक मोठे कारण होते.

जावजी दादाजींनी १८६४ साली मुंबईत ओतशाळा काढली, १८६९ साली निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांच्या हातच्या मुळाक्षरांनी मराठी डोळ्याला जे वळण लावले ते शंभर वर्षे टिकले. देवनागरी मुद्राक्षराची मूळ अडचण तिच्या तीन मजल्यांत आहे. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार. मध्ये अक्षराचा देह. खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षराचा उतरता भाग. रोमन अक्षराच्या तेवढ्याच उंचीच्या खिळ्यावर देवनागरीचा देह त्यामुळे लहान होतो, दोन ओळींत अंतर अधिक ठेवावे लागते, पाने वाढतात, किंमत वाढते. डिग्री पद्धतीत मात्रा आणि उकार वेगळ्या पट्ट्यांत जुळवले जात; अखंड पद्धतीत अक्षर आणि मात्रा एकत्र ओतले जात. पहिलीत खिळे कमी पण जुळणी किचकट, दुसरीत जुळणी सोपी पण केसमध्ये शेकडो घरे. कंपॉझिटरचा हात जिथे सहज पोहोचतो तिथे वारंवार लागणारी अक्षरे, कोपऱ्यात क्वचितची. भाषेच्या वारंवारतेचा हा नकाशा होता, आणि तो ज्या भाषेवरून आखला गेला तीच भाषा त्यात स्वस्तात छापता येत असे. दुसऱ्या भाषेला वेगळी खूण हवी असेल तर तिला घर नव्हते.

यंत्र आले तसा अक्षरावरचा दाब वाढला. लायनोटाइपच्या कळफलकावर नव्वद कळा. त्यांत देवनागरी बसवण्यासाठी १९३० च्या दशकात हरि गोविलांनी अक्षरे तोडून जोडण्याची युक्ती योजली. सावरकरांनी 'अ'ची बाराखडी पुरस्कारली: अि, अी, अु. १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेली आणि चार वर्षांत तो निर्णय मागे घ्यावा लागला. सुधारकांचा हेतू शुद्ध होता. परंतु त्यांच्या मांडणीतील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे: यंत्र आधी, अक्षर नंतर, बोलणारा माणूस शेवटी. विनोबांनी सर्व भारतीय भाषांसाठी नागरीचा आग्रह धरला तोही ऐक्याच्या तळमळीने. मात्र एका लिपीच्या छपराखाली कोणाची वर्णमाला प्रमाण मानायची, हा प्रश्न त्या तळमळीत अनुत्तरित राहिला.

ही व्यथा मराठीला परकी नाही. १९९१ साली इस्की प्रमाणित झाली, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरी संगणकात स्थिरावली ती प्रामुख्याने हिंदीच्या नजरेने. 'सुऱ्या' आणि 'सूर्या' यांतला भेद दाखवणारा मराठीचा चंद्रकोरी रफार मिळवावा लागतो तो द्राविडी भाषांच्या लिप्यंतरासाठी ठेवलेल्या ऱ या अक्षरातून. ॲ ला स्वतंत्र स्थान मिळायला २००८ उजाडले. सहज उपलब्ध असलेल्या अनेक फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. महाराष्ट्र शासनाला ६ नोव्हेंबर २००९ रोजी लिपी आणि वर्णमालेविषयी निर्णय काढून मराठीची रूपे निश्चित करावी लागली. ल ची पाकळी आणि श ची गाठ यांसाठी मराठी माणूस हळवा होतो, आणि ते योग्य आहे. अक्षराचे वळण ही त्याच्या वाचनाची स्मृती आहे. परंतु ज्याला ल च्या पाकळीचा अपमान कळतो त्याला 'डोया'वरच्या लाल रेघेचा अपमान कळू नये, हे आश्चर्य आहे. मोठ्या भाषेने आपल्यावर केलेला अन्याय मोजायला मराठीकडे सूक्ष्मदर्शक आहे; आपण लहान भाषेवर केलेला मोजायला उघडा डोळाही नाही.

६

या साऱ्याचा समीक्षेशी संबंध थेट आहे. खानदेशाने मराठीला दिलेल्या दोन मोठ्या ग्रंथांकडे पाहावे. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात बोलला गेला. साने गुरुजींनी तो उतरवून घेतला. 'बहिणाबाईंची गाणी' १९५२ साली पुस्तकरूपाने आली; ती रचणाऱ्या बहिणाबाई निरक्षर होत्या आणि सोपानदेव चौधरी व त्यांच्या मावसभावाने ती टिपून ठेवली. या दोन्ही ग्रंथांत बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा आहे. बहिणाबाईंच्या भाषेविषयी मराठीत विपुल लिहिले गेले. तिचा गोडवा, तिचे तत्त्वज्ञान, तिची मातीशी असलेली नाळ. पण त्या भाषेतील प्रत्येक ध्वनीसाठी देवनागरीतील कोणते अक्षर निवडले गेले, कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ, कुठे प्रमाण मराठीच्या वाचकाची सोय पाहून तडजोड झाली, हा प्रश्न संहितेचा प्राथमिक प्रश्न असूनही त्याला समीक्षेत अत्यल्प जागा मिळाली. छापलेले पान हेच बहिणाबाईंचे तोंड, असे मानले गेले. पाठचिकित्सा ज्ञानेश्वरीसाठी आवश्यक आणि बहिणाबाईंसाठी अनावश्यक, ही विभागणीही त्याच निकषातून आली: जे लोकांचे आहे ते नैसर्गिक, जे नैसर्गिक आहे त्याला संपादन कशाला?

वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड' (१९८७) या संग्रहात भिलोरी आणि मराठी कविता एकत्र आल्या. शेजारी-शेजारी छापलेल्या दोन भाषा, एकच लिपी. वाचकाने ते पान कसे वाचले? बहुधा मराठी बाजू वाचून. भिलोरी कविता मूळ असूनही मराठी वाचकाच्या लेखी तिचे स्थान मराठी बाजूच्या शेजारचे. लिपी ओळखीची, म्हणून भाषाही ओळखीची असावी या भ्रमाचे हे दुसरे टोक आहे. सामाईक लिपी दार उघडते, आणि त्याच दाराने मोठी भाषा लहान भाषेच्या घरात न विचारता शिरते.

तर मग प्रत्येक भाषेने नवी लिपी घडवावी काय? तसा निष्कर्ष निघत नाही. ओल चिकीने संथाळीला बळ दिले. गोंडीला मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली दिलेली लिपी आणि तेलंगणातील गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतून प्रकाशात आलेली लिपी, या दोहोंना अनुक्रमे २०१७ आणि २०१८ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले. मोडीलाही २०१४ साली मिळाले. पण संकेतांक मिळाल्याने वाचक मिळत नाही, हे मोडीकडे पाहून कळते. नवी लिपी घेण्याचा किंवा न घेण्याचा निर्णय त्या भाषकांचा आहे. दर्जासाठी ती पूर्वअट म्हणून मागणे हा मात्र अन्याय आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्येकाने आपापल्या उच्चाराप्रमाणे लिहिले तर अराजक माजेल. साक्रीची अहिराणी आणि अमळनेरची अहिराणी यांत भेद आहेत, मग कोणती लिहायची? आक्षेप खरा आहे, पण तो प्रमाणीकरणाच्या विरोधात नाही, बाजूने आहे. प्रत्येक लिखित भाषेला करार लागतो. मराठीलाही १९६२ पर्यंत तो करत राहावा लागला आणि त्यानंतरही वाद थांबलेला नाही. अहिराणीचा करार अहिराणी लिहिणारे करतील. त्यात काही घरे भांडतील, काही रूपे मागे पडतील. मराठीने स्वतःसाठी जो गोंधळ सहन केला तोच दुसऱ्याच्या बाबतीत 'अपात्रता' म्हणून दाखवता येत नाही.

समीक्षेकडून अपेक्षा मर्यादित आहेत आणि म्हणून टाळता न येण्यासारख्या आहेत. मौखिक सामग्रीच्या प्रत्येक प्रकाशनात ती कोणी, कोणत्या गावी, कोणाच्या तोंडून, कोणते लेखनसंकेत वापरून उतरवली हे संपादकाने सांगावे. मूळ भाषेतील मजकूर मराठी भाषांतराहून लहान टाइपात छापण्याची प्रथा सोडावी. ळ च्या जागी आलेला य हा पाठभेद म्हणून नोंदावा, मुद्रणदोष म्हणून दुरुस्त करू नये. आणि 'लिपी नाही' हे कारण कोणत्याही भाषिक निवाड्यात पुढे आले तर ते पुढे करणाऱ्याकडे त्याच्या स्वतःच्या भाषेचा ताम्रपट मागावा. तो मिळाला तर अक्षरांचे वळण तपासावे. मराठीचा असा पट पाटणला आहे, आणि त्यावर मराठी संस्कृतच्या खाली, उसन्या अक्षरांत, शेवटी आलेली आहे. तिथून इथवर येण्यासाठी तिला लिपीची मालकी लागली नाही. बोलणारे, लिहिणारे आणि त्यांना न खोडणारे लागले.